आधी वही दाखव

जूनमध्ये पीयू फर्स्टच्या, म्हणजे अकरावीच्या, सायन्सच्या वर्गात जी मुलं येऊन बसतात, त्यांतली बरीचशी दहावीपर्यंत मराठी किंवा कन्नड माध्यमात शिकलेली असतात. कुणी येळ्ळूरचं, कुणी कडोलीचं, कुणी किणये-जांबोटीकडचं, कुणी थेट नंदगडहून दोन बस बदलून आलेलं. दहावीला ऐंशी-पंच्याऐंशी टक्के मिळवलेली, गल्लीत पेढे वाटून झालेली ही मुलं. सॅकमध्ये एनसीईआरटीची जाडजूड इंग्रजी पुस्तकं असतात आणि अंगात नव्या कॉलेजचा उत्साह. मग पहिली टेस्ट होते आणि पंचवीसपैकी सहा, सात, नऊ असे मार्क हातात पडतात. गणपतीची सुट्टी संपली की ती एकेकटी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहायला लागतात. वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, अभ्यास होईना झालाय."

बेळगावात केमिस्ट्री शिकवताना हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय, की आता ते कानावर पडलं की हातातलं काम बाजूला ठेवते. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला मोठ्या माणसापाशी कमीपणा न वाटता करता येईल अशी ही एकच तक्रार आहे. घरी वडील पितात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, वर्गात इंग्रजी चुकलं म्हणून सगळे हसले, शाळेतली जिवाभावाची मैत्रीण कॉमर्सला गेली, यातलं काही ती आपणहून सांगत नाहीत. अभ्यास होत नाही, एवढं मात्र सांगता येतं. अशा वेळी "काय झालंय, मोकळेपणानं सांग" म्हटलं की उत्तर येतं, "काही नाही मॅडम." म्हणून मी तसं विचारतच नाही. मी म्हणते, "आधी वही दाखव."

वही मागितली की पोराचा जीव भांड्यात पडतो. मॅडमनी अभ्यासाचंच विचारलं म्हणजे आपण काही वेगळं सांगायला आलेलो नाही, असं त्याला वाटतं. मग आम्ही शेजारी शेजारी बसतो आणि पानं उलटतो.

एका मुलाची वही माझ्या चांगली लक्षात आहे. पहिली दहा-बारा पानं देखणी. 'सम बेसिक कन्सेप्ट्स ऑफ केमिस्ट्री' हे पहिल्या धड्याचं नाव ठळक अक्षरांत, खाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा. प्रत्येक अवघड इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं बारीक देवनागरीत उच्चार लिहिलेला. 'स्टॉइकिओमेट्री'च्या पुढं प्रश्नचिन्ह. जुलैच्या मध्यावर पेन्सिल नाहीशी होते. मग वाक्यं अर्धवट तुटायला लागतात. शिक्षक पुढं गेले, याचं मागं राहिलं, तिथं दोन बोटं जागा सोडून पुढचं वाक्य. जुलैअखेर तारीख घालणं थांबतं. ऑगस्टमध्ये दोन-तीन पानं कोरी, मित्राची वही मिळाली की भरायची म्हणून ठेवलेली. आणि त्यानंतर एकदम पुन्हा सुंदर, सलग अक्षर, एका बैठकीत उतरवून काढलेलं. मित्राच्या स्पेलिंगच्या चुकासुद्धा जशाच्या तशा आलेल्या.

मी विचारलं, "हे उतरवून घेतलंस, ते कळलं का?"

"वाचताना कळतंय खरं मॅडम, पुस्तक मिटलं की काय राहत नाही."

"रात्री किती वाजेपर्यंत बसतोस?"

"बारा, साडेबारा."

"आणि उठतोस?"

"साडेचारला. दूध घालायला जायचं असतंय."

थोरला भाऊ गोव्याला कामाला गेल्यापासून म्हशी आणि रतीब याच्याकडे आले होते. हे मला वहीतल्या अक्षरावरून विचारता विचारता कळलं. मग मी त्याला म्हटलं, मोल म्हणजे काय ते मला मराठीत सांग. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "डझनभर लिंबं आणि डझनभर नारळ मॅडम. मोजायला सारखेच, वजन वेगळं." बारा ग्रॅम कार्बन आणि अठरा ग्रॅम पाणी यांत कणांची संख्या एकच कशी, हे सांगायला पाठ्यपुस्तकाला दीड पान लागतं ते त्यानं एका वाक्यात सांगितलं. या मुलाला केमिस्ट्री येत होती. त्याला चार तास झोप मिळत होती, शिकवलेलं परक्या भाषेतून कानावर पडत होतं आणि तो स्वतःला ढ समजायला लागला होता.

संयुजा, क्षपण, उत्प्रेरक हे शब्द मराठी माध्यमाच्या मुलांना तोंडपाठ असतात. व्हॅलन्सी, रिडक्शन, कॅटॅलिस्ट म्हटलं की तीच मुलं बिचकतात आणि आपल्याला यातलं काहीच येत नाही असं धरून चालतात. त्यात आमच्याकडं आणखी एक गोष्ट आहे. बागलकोट-विजापूरकडून आलेले माझे काही सहकारी इंग्रजीत सांगितलेलं कन्नडमधून समजावतात. वर्गातल्या कन्नड मुलांना त्याचा आधार होतो, मराठी मुलं तेवढा वेळ फळ्याकडं बघत बसतात. मी मराठीतून समजावलं की कन्नड मुलांचं तेच होतं. दोघांचंही दुखणं एकच आहे आणि त्यात भांडण्यासारखं काही नाही, उपाय करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी धडा सुरूच करत नाही. दहावीत येऊन गेलेल्या शब्दांची आम्ही तीन रकान्यांत यादी करतो: मराठी, कन्नड, इंग्रजी. ती मुलंच भरतात, एकमेकांना विचारून.

वहीचं मी असं केलं: डावं पान वर्गात सांगितलेल्याचं, इंग्रजीत. उजवं पान ज्याचं त्याचं. तिथं त्याच दिवशी आपल्या शब्दांत, हव्या त्या भाषेत, चित्र काढून, बाण मारून, कसंही लिहायचं. उजवं पान मी तपासत नाही, फक्त बघते. सुरुवातीला ते सगळं मराठीत असतं. दिवाळीनंतर मधेमधे इंग्रजी शब्द डोकवायला लागतात. परीक्षेचं उत्तर पूर्ण इंग्रजीत लिहायला जानेवारी उजाडतो, आणि तोवर घाई करू नये असं माझं ठाम मत आहे. घाई केली की मूल पाठांतराकडं वळतं.

पाठांतराबद्दल बोलायला हवं. आमची मुलं कष्टाला कमी नाहीत. अभ्यासाला बसतात म्हणजे तेच पान चार-पाच वेळा वाचतात, मोठ्यानं, येरझाऱ्या घालत. हायलायटरनं अख्खं पान पिवळं करतात. अभ्यास म्हणजे वाचणं, हेच त्यांना लहानपणापासून सांगितलेलं असतं. दुसरं काही असतं हे कुणी दाखवलेलंच नसतं. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी दर वर्षी वर्गात सांगते. एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यानं एकदा वाचून तो मिटून ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतलेल्या परीक्षेत लिहून काढणारे पुढं गेले. आणि विशेष म्हणजे, आपल्या लक्षात राहील अशी जास्त खात्री वाचत बसलेल्यांनाच होती. इथं वर्ग एकदम शांत होतो, कारण प्रत्येकाला आपली आदली टेस्ट आठवते.

त्यावरून आमच्याकडं 'कोरा कागद' सुरू झाला. तासाच्या शेवटी पाच मिनिटं वही-पुस्तक बंद, कोऱ्या कागदावर आज काय झालं ते लिहायचं. मार्क नाहीत. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेननं भरायचं. पहिल्या दिवशी कागदावर चार ओळी असतात आणि मुलं घाबरतात. त्यांना सांगावं लागतं, की आठवताना जो त्रास होतो तोच अभ्यास. तो झाला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. तो कागद तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्यानं पुन्हा. लाल शाई कमी होताना दिसली की मुलांच्या बोलण्यात फरक पडतो. 'मला येत नाही' असं म्हणणारी मुलगी 'मॅडम, मला हायब्रिडायझेशन येत नाही' असं म्हणायला लागते. एवढ्या नेमकेपणानं सांगितलं म्हणजे निम्मं काम झालं. मन हलकं करण्याचे उपाय पुष्कळ आहेत, पण नेमकं काय येत नाही हे कळल्यानं जेवढं हलकं वाटतं तेवढं मी दुसऱ्या कशानं वाटताना पाहिलेलं नाही.

मुलींचं आणखी वेगळं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेत महिलांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. खानापूर भागातल्या काही पालकांनी निव्वळ त्या आधारावर मुलीला शहरातल्या कॉलेजात घातलंय, हे मला त्यांच्याच तोंडून कळलंय आणि त्याचा मला फार आनंद आहे. पण बस भरून येते, कधी स्टॉपवर थांबतच नाही. पहिली बस चुकली तर पहिला तास गेला. म्हणून मुली पाचला उठतात, केर-पाणी, भाकरी करतात, स्वतः मात्र चहा-बिस्किटावर निघतात. घरी पोचायला संध्याकाळ होते. एक मुलगी तिसऱ्या तासाला हमखास डुलक्या द्यायची. तिची वही आधी पाहिली. पहिले दोन तास नीट, तिसऱ्या तासाला अक्षर उतरणीला लागलेलं, ओळी वाकड्या. चौथ्या तासाला जवळपास काही नाही. रोज तसंच. तिला पायऱ्या चढताना धाप लागते का, विचारलं. लागत होती. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासायला सांगितलं, आईला बोलावून घेतलं. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि गोळीवर किंवा जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही असं बजावलं, कारण चहानं लोह अंगाला नीट लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. शंभरात एकोणसाठ. एवढ्या मुलींना वर्गात आपण 'लक्ष नाही' म्हणून बोलत असतो. त्या मुलीची वही दोन-अडीच महिन्यांनी तिसऱ्या तासाला सरळ ओळीत यायला लागली. तिला मी अभ्यासाचं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

झोपेबद्दल मी पालकांशी वाद घालायला कमी करत नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात आणि दिवसा शिकलेलं पक्कं बसायचं कामही झोपेतच होतं. जागरण करणारा मुलगा म्हणजे मेहनती मुलगा, हा आपल्याकडचा समज मला अतिशय घातक वाटतो. मोबाईलचं तसं सोपं उत्तर नाही. नोट्स ग्रुपवर येतात, टेस्टच्या तारखा ग्रुपवर येतात, त्यामुळे 'काढून घ्या' म्हणणं चालत नाही. रात्री दहानंतर तो आईच्या उशाशी राहील, एवढंच मी मागते. बहुतेक घरांत ते जमतं.

पालकसभेला उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणारे एक गृहस्थ आले होते. रात्रपाळी करून, न झोपता. मुलगी सेकंड पीयूत, त्यांनी कर्ज काढून नीटचा क्लास लावलेला. म्हणाले, "मॅडम, पाहिजे तर मारा खरं तिला डॉक्टर करा." एवढा जीव ओतणाऱ्या माणसाला काय सांगायचं? मी आकडे सांगितले. २०२५ मध्ये नीटला बावीस लाखांवर मुलं बसली. देशभरात सरकारी-खासगी धरून एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. मग सांगितलं, की तुमची मुलगी हुशार आहे, तिनं नीट द्यावी, आणि केसीईटी ही राज्याची प्रवेशपरीक्षासुद्धा द्यावी. तिथून कृषी, पशुवैद्यक, फार्मसी अशी बरीच दारं उघडतात. ते म्हणाले, "मला कुठं अडचण आहे? तीच काय बोलत नाही." मुलगी शेजारीच बसली होती. तिच्या बायोलॉजीच्या वहीत वनस्पतींचा भाग रंगीत पेन्सिलींनी केलेला होता, शरीरशास्त्राच्या धड्यांत आकृत्यांच्या जागा रिकाम्या. मी ती वही तिच्या वडिलांपुढं ठेवली आणि बोलायचं काम तिच्यावर सोपवलं. बराच वेळ गेला, पण ती बोलली. वडिलांनी ऐकून घेतलं. पुढं तिनं दोन्ही परीक्षा दिल्या.

निकालाचा दिवस मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सत्काराचं बघायला बाकीचे असतात. मी सकाळी मुलांची नावं आणि फोन नंबर घेऊन बसते आणि ज्यांचा विषय राहील अशी धास्ती असते त्यांना पहिले फोन करते, आई किंवा वडील जवळ आहेत ना हे आधी विचारून. २०२४ पासून आमच्या बोर्डानं परीक्षा एक, दोन, तीन अशी पद्धत आणली. त्याच वर्षात पुन्हा बसता येतं, आणि ज्यात जास्त मार्क पडतील ते धरले जातात. नापास झालेलाच नव्हे, मार्क कमी पडलेलाही पुन्हा बसू शकतो. पूर्वी 'सप्लिमेंटरी'ला बसणं म्हणजे शिक्का होता. आता वर्गातला हुशार मुलगाही परीक्षा दोनला बसतो आणि त्याच बाकावर विषय राहिलेला मुलगा बसतो. शिक्षणखात्याच्या निर्णयांबद्दल आम्ही शिक्षक नेहमीच कुरकुरतो, पण या निर्णयानं निकालाच्या संध्याकाळचा माझा घोर पुष्कळ कमी केला.

पण वही सगळं सांगत नाही. मूल जेवेनासं होतं, आठवडेच्या आठवडे झोपत नाही, मित्रांना टाळतं, आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकतं, जगण्यात अर्थ नाही असं बोलून जातं, तेव्हा ते माझ्या आवाक्यातलं काम नसतं. तिथं केमिस्ट्रीच्या बाईनं शहाणपणा करू नये. तेव्हा मी त्याला सरळ विचारते, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का. असं विचारल्यानं ते डोक्यात भरतं, ही भीती खरी नाही; विचारल्यावर मुलं रडतात आणि बोलतात. मग त्याला एकटं सोडत नाही, घरच्यांना त्याच दिवशी बोलावते आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात सोबत जाते. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथं चांगले डॉक्टर आहेत. मात्र धारवाड म्हटलं की आमच्या भागातल्या घरांतून जुन्या वेड्यांच्या इस्पितळाचीच आठवण निघते आणि आयांचे चेहरे उतरतात. ताप आला तर डॉक्टर, तसं याला डॉक्टर, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगते. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, १४४१६ हा तिचा नंबर. दिवसरात्र, फुकट, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. तो नंबर नोटीस बोर्डावर कुणी वाचत नाही. मी तो प्रत्येकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेते, पिरिऑडिक टेबलच्या खाली, म्हणजे ज्याला लागेल त्याला शोधताना कुणी बघणार नाही.

२०२२ या एका वर्षात देशात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची नोंद आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं याच प्रश्नावर निकाल देताना शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असं बजावलं. मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, असंही त्यात आहे. दोन्ही गोष्टी मला मनापासून पटलेल्या आहेत आणि दुसरी तर पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. 'बी बॅच'मध्ये टाकलेलं मूल वर्षभर स्वतःला 'बी' समजतं, मग त्याला कितीही चांगला समुपदेशक द्या.

यंदा प्रिन्सिपलांकडं मी दोन मागण्या लेखी दिल्या आहेत. एक वाचनालयाची. तास दुपारी संपतात आणि लांबच्या गावांच्या बस संध्याकाळी. मधला वेळ मुलं स्टँडवर काढतात. त्या वेळात वाचनालय उघडं हवं, तिथं पंखा, पिण्याचं पाणी आणि डबा खायला जागा हवी. घरी गेल्यावर ज्यांना अभ्यासाला वेळच मिळत नाही त्यांचा सगळा अभ्यास याच दोन-अडीच तासांत व्हायचा आहे. दुसरी मागणी समुपदेशकाची, कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या. ती व्यक्ती रुजू झाली तर तिच्यासाठी दारावर पाटी लावून वेगळी खोली द्यायची असं बोलणं चाललंय. मी त्याला हरकत घेतली आहे. पहिले दोन महिने तिनं माझ्याबरोबर पीयू फर्स्टच्या शेवटच्या बाकावर बसावं आणि मुलांच्या वह्या बघाव्यात, असं त्या पत्रात लिहिलंय.